रविवारची पाच मिनिटे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. चार दारे, मागे ऐसपैस डिकी. लांबून पाहिलेत तर कुणा कारकुनाची वाटेन. पण मला घडवणाऱ्यांनी या साध्या अंगात शर्यतीचे इंजिन बसवले होते. ते पहिल्यांदा पूर्ण ताकदीने फिरले, तेव्हा कारखान्यातले कामगार हातातले काम थांबवून ऐकत राहिले.

माझा मालक चष्मेवाला. त्याने मला हौसेने घेतले, सुरुवातीला खूप फिरवले. मग ओरखडा पडेल, कुणी ठोकेल, या धास्तीने गॅरेजात नेऊन माझ्या अंगावर जाड कापड घातले. दर रविवारी तो कापड सारतो, मला पुसतो, इंजिन जागच्या जागी पाच मिनिटे चालवतो आणि पुन्हा झाकतो.

"अहो, माझे इतके लाड केले असतेत तर!" बायको दारातून टोमणा मारते.

एका रविवारी त्याचा शाळेपासूनचा मित्र आला. तो दातांचा डॉक्टर. "अरे, एक चक्कर तरी मारू दे!" असा त्याने हट्टच धरला. मालकाने नाइलाजाने किल्ली दिली आणि शेजारी सीटची कड घट्ट धरून बसला.

डॉक्टरने घाई केली नाही. इंजिन तापेपर्यंत मला हळू चालवले. "स्टिअरिंग जड आहे, पण रस्त्यातला खडान्‌खडा हाताला कळतो," तो म्हणाला. "क्लच मात्र पायाचा पिट्ट्या पाडतो रे!" मग मोकळ्या रस्त्यावर त्याने पाय दाबला. माझ्या मागच्या नळीतून आधी पाणी उडाले, मग काळा धूर, आणि मग माझा खरा आवाज आला. किती वर्षांनी! डॉक्टर खदखदून हसला. मालक हसला नाही.

परतल्यावर डॉक्टर म्हणाला, "जागेवर चालवून तू हिचं वाटोळं करतोयस. ही नीट तापतच नाही, म्हणून धुरातल्या वाफेचं आत साचलेलं पाणी बाहेर पडत नाही. सायलेन्सर आतून गंजतोय. तुला वेळ नसेल तर दर रविवारी मी फिरवून आणतो."

"म्हणजे गाडी माझी आणि मजा तुझी?"

"अरे, तिच्यासाठी म्हणतोय."

"तू लोकांचे दात बघ. माझ्या गाडीचं मला कळतं."

डॉक्टरने किल्ली बॉनेटवर ठेवली. तो पुन्हा आला नाही.

बाहेरून मी अजून आरशासारखी चकाकते. सायलेन्सरला भोक पडले आहे, त्यामुळे माझा आवाज फुटका आणि मोठा झाला आहे. गेल्या रविवारी मालक बायकोला कौतुकाने म्हणाला, "ऐक, अजून काय दणका आहे हिचा!"

मित्रांनो, आपल्या वस्तू जरूर जपा. पण ती वस्तू कशासाठी बनली आहे, ते आधी समजून घ्या. पुसणे म्हणजे जपणे नव्हे.

आज शनिवार आहे. उद्या तो पुन्हा माझी काळजी घ्यायला येईल.