परत येण्याबद्दल वाजवी शंका

मधुसूदन मोहरील नागपुरात पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. या चौतीस वर्षांत त्यांनी तीनदा बढती नाकारली, कारण तिन्ही वेळा बढतीबरोबर बदली होती. पहिली चंद्रपूरला, दुसरी अमरावतीला, तिसरी वर्ध्याला. वर्धा काही लांब नाही, सव्वा तासात पोचता, असं साहेबांनी समजावून पाहिलं. मोहरील म्हणाले, "येऊन-जाऊन अडीच तास होतात, साहेब."

त्यांची बायको लतिका घराजवळ, प्रताप नगरातल्याच एका शाळेत भूगोल शिकवायची. एकोणतीस वर्षं तिने नववीच्या वर्गात फळ्यावर नॉर्वेचा किनारा काढला. पुस्तकात न बघता, खडू न उचलता, आत शिरलेल्या समुद्राच्या एकेका खाचेसकट. बाकीच्या शिक्षिका एक नागमोडी रेघ ओढून शेजारी 'फियॉर्ड' असं लिहून मोकळ्या व्हायच्या.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, चहा गाळता गाळता ती म्हणाली, "मला तो किनारा बघायचाय."

"कोणता?"

"नॉर्वेचा."

मोहरीलांनी पेपरचं पान उलटलं. "टीव्हीवर दाखवतात."

"टीव्हीवर नाही. तिथे जाऊन."

यावर दोन आठवडे घरात काही बोलणं झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात मोहरीलांनी बाजारातून दोन जाड फायली, एक पंच आणि रंगीत चिठ्ठ्यांचं पाकीट आणलं. त्यांच्याकडून होकार असाच यायचा.

एका सहल कंपनीची बारा दिवसांची सहल ठरली. तीन जूनला निघायचं, चौदाला परत. पुण्याहून चिन्मयीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, फोनवरून प्रश्न वाचून दाखवत दोघांचे व्हिसाचे अर्ज भरले. मोहरील उत्तरं देत होते.

"बाबा, यापूर्वी कधी परदेशात राहिलात का?"

"नाही."

"परदेश प्रवास?"

"नाही."

"बरं. गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे प्रवास केला, असं सहलवाल्यांनी विचारलंय."

मोहरीलांनी विचार केला. "गोविंदाच्या मुंजीला कामठीला गेलो होतो."

"बाबा, अर्ध्या तासावरचं कामठी प्रवासात धरत नाहीत."

"मग नाही."

शेवटी प्रत्येकाने आपापलं पत्र लिहायचं होतं. कशासाठी जातोय आणि परत कधी येणार, ते दूतावासाला सांगायचं. मोहरील टेबलाशी बसले आणि तीन दिवसांत त्यांनी अडीच पानी इंग्रजी पत्र तयार केलं. वर विषय, खाली संदर्भ, मग अनुक्रमे परिच्छेद एक ते अकरा. नोकरीत त्यांनी हजारो पत्रं लिहिली होती आणि त्यातल्या एकाही पत्रामुळे खात्यावर कसली जबाबदारी आली नव्हती, याचा त्यांना अभिमान होता.

लतिकाने चार ओळी लिहिल्या. 'मी एकोणतीस वर्षं मुलांना तुमच्या देशाचा किनारा फळ्यावर काढून दाखवला. तो बरोबर काढत होते का, ते बघायचं आहे. चौदा जूनला परत येईन. सोळा तारखेला मला लोणच्याचे आंबे घ्यायला कळमन्याच्या बाजारात जायचं असतं.'

मोहरीलांनी ते वाचलं. "यात संदर्भ क्रमांक नाही."

"कशाचा संदर्भ?"

"आणि आंब्यांचं कशाला लिहिलं? ते काय म्हणतील?"

"म्हणू देत," असं म्हणून तिने सही केली.

दोघं मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. मोहरीलांना मुंबई आवडली नाही, पण तसं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

मेच्या मध्यावर दोन पाकिटं आली. बाहेर ऊन पंचेचाळीसच्या पुढे गेलं होतं आणि कूलर खडखडत होता. लतिकाने आपलं पाकीट फोडलं. पासपोर्टात हिरवट रंगाचं एक चकचकीत पान चिकटवलेलं होतं, त्यावर तिचा फोटो. मोहरीलांच्या पासपोर्टात काही नव्हतं. सोबत एक छापील कागद होता. त्यावर बऱ्याच चौकटी होत्या आणि त्यातल्या एकीत खूण केलेली होती. मोहरीलांनी चष्मा पुसून ती ओळ वाचली. मुदत संपण्याआधी आपण देश सोडून जाल याविषयी वाजवी शंका आहे, असं त्या ओळीचं म्हणणं होतं.

"म्हणजे काय?" लतिकाने विचारलं.

"म्हणजे मी तिथून परत येणार नाही, असं त्यांना वाटतं."

लतिका खुर्चीत बसली. तिला हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं. मोहरीलांचे कान लाल झाले होते. त्यांच्यावर असा संशय कोणीच कधी घेतला नव्हता.

संध्याकाळी चिन्मयीने त्यांच्या पत्राचा फोटो मागवून घेतला. दहा मिनिटांनी तिचा फोन आला.

"बाबा, परिच्छेद नऊ. तुम्ही असं लिहिलंय की, सदर प्रवासाअंती परतीबाबत यथावकाश उचित कार्यवाही करण्यात येईल."

"मग?"

"बाबा, याचा अर्थ बघू, असा होतो."

"तारीख कशी देणार? विमान उशिरा आलं तर? लेखी द्यायचं म्हणजे विचार करून द्यावं लागतं."

चिन्मयी म्हणाली, अपील करता येतं, पण निकालाला महिने लागतील. जून हातातून गेला.

लतिका म्हणाली, "मग माझंही रद्द करू."

"अजिबात नाही," मोहरील म्हणाले. "आधी अपील."

सहल हातची गेली तरी अपील करायचंच, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून ते कागद जमवायला लागले. तीन बढत्या नाकारल्याची तिन्ही पत्रं त्यांनी ट्रंकेतून काढली. महाबळेश्वरचा लग्नानंतरचा बेत रद्द केल्याच्या तारेची पोस्टाची पावती सापडली. चिन्मयीचं पुण्याचं घर झालं तेव्हाचं न वापरलेलं तिकीट सापडलं. मग ते खालच्या मजल्यावर गेले. तिथे बायको गोपिकासोबत रुपराव राहायचे. ते मूळचे रामटेककडचे, तिकडे त्यांची धानाची शेती होती आणि पोरांच्या शिक्षणासाठी नागपुरात येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती.

"एक दाखला पाहिजे," मोहरील म्हणाले. "मी कुठे जात नाही, असा."

"ह्याले दाखला काहून पाहिजे गा? साऱ्या मोहल्ल्याले माहीत आहे," रुपराव म्हणाले. पण ते बसले आणि त्यांनी लिहूनही दिलं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. 'मी मोहरील साहेबांना वीस वर्षांपासून पाहून राहिलो. एकदा मी त्यांना माझ्या गाडीने रामटेकले नेलं. गड चढाच्या आधीच ते म्हणाले, परत कधी निघायचं? हा माणूस तुमच्या देशात राहणार नाही. राहा म्हटलं तरी राहणार नाही.'

"छान लिहिलंत," मोहरील म्हणाले.

"काही कमी पडत असन तर सांगा. आमच्या गोपिकालेही लिहायले लावतो."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मोहरीलांनी अपिलाची फाईल लतिकासमोर ठेवली. एकदा नजर टाक म्हणाले. तिने वाचायला घेतली. चंद्रपूर, अमरावती, वर्धा, महाबळेश्वर, पुणे. आईच्या आजारपणात इंदूरला न गेल्याचं कारण सांगणारं त्यांचं पत्र होतं, ती आई लतिकाची होती. प्रत्येक कागदावर पिवळी चिठ्ठी होती आणि तिच्यावर तारीख. तिने शेवटचं पान मिटलं आणि फाईल त्यांच्याकडे सरकवली.

"पक्की आहे ना?" त्यांनी विचारलं.

"पक्की आहे." मग ती म्हणाली, "हे सगळं मी तुमच्यासोबत जगले, पण असं एकाखाली एक लावलेलं पहिल्यांदाच बघून राहिले."

मोहरीलांनी एक सुटत आलेली चिठ्ठी अंगठ्याने दाबून चिकटवली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला खरंच यायचं होतं का?"

"हा प्रश्न अर्जात नव्हता."

"मी विचारतेय."

त्यांनी फाईलची दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "नव्हतं," ते म्हणाले. "पण तू एकटी जाशील याची भीती वाटत होती."

"हरवीन म्हणून?"

"नाही. तू कशी हरवशील? तुला सगळं जग पाठ आहे." ते थांबले. "तुला आवडेल म्हणून."

रागवायचं की नाही, ते लतिकाला ठरवता येईना. शेवटी तिने उठून भांडी घासायला घेतली आणि सगळी घासून झाल्यावर आतून म्हणाली, "मी जातेय."

"जा," मोहरील म्हणाले. आणि जरा वेळाने, "तुझ्या बॅगेला एक जादाचं कुलूप लावतो."

तीन जूनला रुपरावांच्या गाडीने सगळे विमानतळावर गेले. तिकीट नसलेल्याला दाराशीच थांबवतात, म्हणून मोहरील बाहेर थांबले. लतिका कधी नव्हे ते बूट घालून, पाठीवर पिशवी लावून आत गेली. आत गेल्यावर तिने मागे वळून हात केला. मोहरीलांनी तो बघितला, पण त्यांचा हात वेळेवर वर गेला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ फोन आला. ती बोटीवर होती. वारा इतका होता की तिचे शब्द तुटत होते. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे होते आणि त्यांच्यावरून पाणी पडत होतं.

"तुम्हाला दिसतंय का?"

"दिसतंय. थंडी आहे?"

"आहे."

"स्वेटर?"

"घातलाय." तिने फोन फिरवला. मोहरीलांना आधी एका जपानी माणसाचा कान दिसला, मग पाणी. "ऐका, मी हा किनारा चुकीचा काढत होते. इतकी वर्षं. प्रत्यक्षात खाचा फार खोल आहेत. फळ्यावर मावल्याच नसत्या."

ती रडत होती की वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कळत नव्हतं. मोहरीलांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "मग थांब जरा. नीट बघून घे."

"तुमची आमटी-भाजी?"

"खाली जेवतो. गोपिकाताई तिखट घालतात, पण सवय होऊन राहिली."

ती हसली. फोन चालूच होता. लतिकाने तो कठड्याला टेकवून ठेवला असावा, कारण आता पडद्यावर नुसतं पाणी होतं, आणि मोहरील ते नागपुरातल्या खुर्चीत बसून बघत होते. सात-आठ मिनिटं झाली असतील. खालून गोपिकाबाईंनी हाक मारली, पोळ्या थंड होतात म्हणून.

"आलो," मोहरील म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.