ललिताच्या हातची कुदळ

मी कुदळ बोलतेय. आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे.

शिरूरच्या लोहारानं मला घडवलं, पण वळण लावलं ते ललितानं. तिच्या वावरात मी मुरूम फोडला, लिंबोणीला आळी केली. मग गावातल्या बायकांनी वनखात्याच्या टेकडीवरची मोडलेली पायवाट दर रविवारी दुरुस्त करायला घेतली, तेव्हा ललिता मला खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढं निघाली. घाणेरीची मुळं खणायची, ओघळीवर दगडी पायऱ्या बसवायच्या. मजुरी कुणालाच नव्हती, पण माझा तोरा काय सांगू!

अशात कुठल्याशा संस्थेनं नवी अवजारं पाठवली. त्यात पिवळ्या फायबर दांड्याची एक कुदळ होती. ललितानं ती हातात तोलली.

"लई हलकी हाय गं!"

आणि मला तिनं रुपालीच्या हाती दिलं. रुपाली रांजणगावला कंपनीत कामाला. मातीची सवय नाही.

माझा नुसता जळफळाट झाला. मी मुद्दाम जड झाले, दगडावरून घसरले. रुपालीच्या तळव्यांना फोड आले. तिकडं ती पिवळी ललिताच्या हातात मिरवत होती.

पण रुपाली चिवट. फोडांचे घट्टे झाले. माझा दांडा काचेनं तासून तिनं आपल्या मुठीएवढा केला. मोठा पाऊस झाला, त्यात ललितानं रचलेल्या पायऱ्या वाहून गेल्या. रुपालीच्या जागच्या हलल्या नाहीत. कधीकाळी याच वाटेनं मेंढरं नेणारी म्हातारी म्हाळसा सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्या पोरीच्या हाताला गुण हाय."

ललिताचा चेहरा पडला. ती तरातरा आली.

"रुपाली, माझी कुदळ दे. तिच्यामुळं जमतंय तुला."

"घ्या ताई, तुमचीच हाय."

मी हरखले. ललिता जळतेय, तीही माझ्यावरून! पण तिनं घाव घातला आणि मी तिच्या मुठीत गरकन फिरले. या खेपेला मुद्दाम नव्हे. दांडा तिला बारीक पडत होता. तिनं तासलेल्या दांड्यावरून अंगठा फिरवला. मग मला परत देत हळूच म्हणाली, "तुलाच बसलीय ही. आन् दगड कसा बसवतीस, ते दाव मला."

दोघी ओघळीत शेजारी शेजारी वाकल्या.

आता वाट माथ्याला पोचलीय. रुपाली मला तेलपाणी करते, जपते. तरी वरच्या वळणावर त्या पिवळीचा ठणठणाट ऐकू आला की माझं पातं तापतं. जुनं अवजार दुसऱ्याला द्यायचं तर खुशाल द्या, बायांनो. फक्त त्याच्यासमोर नव्याचं कौतुक करू नका. लोखंडालाही लागतं.