गळ्यावरची काळी रेघ

दोन म्हातारे एका पाखरावरून वर्षानुवर्षं भांडतात असं कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. पण त्यातला एक माझाच नवरा, त्यामुळे हसायची सोय नव्हती. भांडण त्यांचं आणि चहाचे कप विसळायचे मी.

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान. ह्यांचा मित्र जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला. गळ्यात सदा दुर्बीण, म्हणून घरात त्याचं नावच दुर्बीण पडलं. बंद पडलेल्या लाकूडगिरणीमागं दाट झाडी आहे. तिथं ह्यांनी एकदा एका छोट्या शिकारी पक्ष्याचा फोटो काढला. फोटो धूसर, शेपूट पानांआड. पण गळ्यावर मधोमध जाड काळी रेघ होती. हे म्हणाले, बेसरा! दाट रानातला, लाजरा, आमच्या भागात कोणीच न पाहिलेला. दुर्बीण म्हणाला, शिक्रा. म्हणजे कोणाच्याही दारातल्या झाडावर येऊन बसतो तो. त्याच्या गळ्यावरची रेघ इतकी फिकट, की असून नसल्यासारखी.

"चष्मे विकतोस, एखादा स्वतःच्या नाकावरही ठेव," दुर्बीण म्हणायचा. "बेसऱ्याच्या शेपटीवर जाड पट्टे असतात. ते दाखव, मी गप्प बसतो."

"तू गप्प बसलास तर पक्षी झाडावरून खाली पडतील," हे म्हणायचे. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू.

यंदा हे अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगायचं ते सांगितलं. मी नळावर तोंड धुतलं आणि आत जाऊन म्हणाले, अशक्तपणा आहे, भरून निघेल. ह्यांनी मान हलवली. ताकास तूर लागू दिली नाही याचा मला चक्क अभिमान वाटला. खरं सांगितलं ते फक्त दुर्बिणीला. तो जिन्यातच खाली बसला. मग उठून आत गेला आणि म्हणाला, "काय चष्म्या, नुसता लोळतोयस?"

एके दिवशी हे मला म्हणाले, "गिरणीमागं त्या पक्ष्यानं पुन्हा घरटं केलंय म्हणे. मी उठेपर्यंत पिल्लं उडून जातील. तू जा कॅमेरा घेऊन."

"मी? मला कावळा आणि कबुतर सोडून काही ओळखता येत नाही."

"ओळखू नकोस. टिप फक्त. एकदा त्या दुर्बिणीचं तोंड बंद झालं की मी सुखानं झोपेन."

सुखानं झोपेन म्हणाले. मी कपाटातून कॅमेरा काढला.

मग पडल्या पडल्या शिकवणी सुरू झाली. कॅमेऱ्यातला चौकोन नेमका पक्ष्याच्या डोळ्यावर धर, नाहीतर कॅमेरा पुढची पानं पकडतो. खोडाला टेकून उभी राहा. पक्षी शोधत हिंडू नकोस. बुलबुल आणि खारी ओरडायला लागल्या की वर बघ.

कितीतरी सकाळी मी नुसती पानं टिपून आणली. पानं मात्र सुरेख यायची. मग एका सकाळी बुलबुलांनी एकच गिल्ला केला, मी वर पाहिलं, आणि तो होता. एवढासा, पारव्याएवढा. पायाखाली कसलंसं पाखरू दाबून फाडून खात होता. मी खोडाला टेकले, श्वास धरला, बटण दाबलं. खाऊन झाल्यावर तो खालच्या डबक्यात उतरला, पंख फडफडवून आंघोळ केली आणि समोरच्या फांदीवर बसला. तोही फोटो घेतला.

तिथंच उभी राहून मी दोन्ही पाहिले. पहिल्यात गळ्यावर जाड काळी रेघ. दुसऱ्यात गळा स्वच्छ, नीट पाहिलं तर एक फिकी करडी ओळ. रेघ त्या पाखराच्या रक्ताची होती, सावलीत काळी दिसलेली. ह्यांच्या त्या जुन्या फोटोतलीही तशीच असणार. इतकी वर्षं हा माणूस ज्यासाठी भांडला, ते डबक्यातल्या पाण्यानं धुऊन गेलं होतं.

ठरवलं, पहिलाच दाखवायचा. दुसरा पुसायला हवा होता, पण माझ्या हातून पहिल्यांदाच असा लखलखीत फोटो आला होता. पुसवेना.

ह्यांनी पहिला फोटो खूप वेळ पाहिला. "गळा काय छान आलाय," म्हणाले. "कॅमेरा इथंच ठेव. आणि दुर्बिणीला बोलाव. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

संध्याकाळी दुर्बीण आला. फोटो मोठा करून पाहू लागला. त्याचा अंगठा शेपटीवर येऊन थांबला. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनीच हात जोडले.

"बेसरा," तो म्हणाला. "हरलो बाबा."

मला वाटलं, हे आता उठूनच बसतील. पण ह्यांचा चेहरा उतरला.

"शेपूट बघितलीस?"

"बघितली."

"पट्टे?"

"जाड आहेत."

"बारीक आहेत." ह्यांनी त्याच्या हातून कॅमेरा घेतला, बटण दाबून दुसरा फोटो पुढं आणला. "हा तोच, अंघोळीनंतरचा. ही तुला फोन करायला गेली तेव्हाच पाहिला मी. शिक्रा आहे. माझ्या जुन्या फोटोतलाही शिक्राच होता."

"अरे, हल्ली मला नीट दिसत नाही—"

"तुला? माझ्या लग्नाच्या फोटोत मागच्या तारेवरचा पक्षी ओळखलास तू. नवरी नाही ओळखलीस, पक्षी ओळखलास." हे हसले, मग त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. ते घोटभर प्यायले. "ही खोटं बोलली, समजू शकतो. बायको आहे. पण तू? स्वतः मरणाच्या दारात असतास तरी शिक्र्याला बेसरा म्हणाला नसतास." पेला माझ्या हातात देत म्हणाले, "म्हणजे दारात मी आहे."

दुर्बिणीनं गळ्यातली दुर्बीण काढून मांडीवर ठेवली. त्याचे खांदे हलत होते.

"शिक्रा आहे रे, चष्म्या," तो रडत म्हणाला. "शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शिक्राच आहे."

"हां. आता कसं बोललास." ह्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि माझ्याकडं वळले. "फोटो झकास काढलायस. आता तूही खरं सांग. किती दिवस?"

मी त्यांच्या उशाशी बसले आणि सांगितलं.