ममीच्या केसांतली ऊ

"हलली, हलली!"

कालिंगास्ताच्या खोऱ्यात त्या रविवारी एकच गलका उडाला. हजारो वर्षं गुहेत निजलेल्या आणि आता गावातल्या एका खोलीत ठेवलेल्या बाईच्या ममीच्या केसांत चक्क ऊ चालत होती.

"बघा लेकांनो!" कानांपर्यंत लोकरी टोपी ओढलेला फाउस्तिनोबुवा गरजला. "मेल्याच्या डोक्यात ऊ जगते का? आई जागी झालीय! तिच्या केसांना कपाळ टेका, दुखणी पळतील!"

झालं! लोकांनी कपाळं टेकली, बायकांनी वेण्या टेकवल्या. आठवड्यात अख्खं गाव डोकं खाजवू लागलं. "कृपा पसरतेय!" बुवा म्हणाला.

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या नेलिदाबाईंना हसू आवरेना. पण घरी एलेउतेरिओमामांनी इन्सुलिन कचऱ्यात टाकलेलं दिसलं, आणि त्यांनी ते उचलून मामांपुढे धरलं.

"मामा, जिवाशी खेळताय!"

"आईनं बरं केलंय मला. तू गप बस, पोरी."

बाई मामांना घेऊन तडक ममीच्या खोलीवर गेल्या. "बुवा, ऊ माणसाच्या रक्तावर जगते. आई जागी असेल, तर उवा उपाशी मरायच्या नाहीत. तीन दिवस खोलीला कुलूप लावू. किल्ली मामांकडे. आणि मामा, तोवर इन्सुलिनची सुई घ्यायची."

"लावा की! बुवा घाबरतो होय?" गर्दी ओरडली. बुवाने टोपी आणखी खाली ओढली.

चौथ्या दिवशी मामांनी कुलूप काढलं. बाईंनी भिंग धरलं. सगळ्या उवा मेलेल्या!

"तुमच्या अविश्वासानं मेल्या!" बुवा किंचाळला.

"आणि या कशा जगल्या रे?" म्हाताऱ्या एर्मेलिंदाने त्याची टोपी उपटली. आत उवांची जत्रा भरलेली! रोज सकाळी त्यातल्याच चार काढून बुवा ममीच्या केसांत सोडायचा. लोक हसत होते आणि दोन्ही हातांनी खाजवत होते.

मामा मात्र हिरमुसले. "म्हणजे आईच्या केसांत खरं काहीच नाही?"

"आहे ना! जुन्या लिखा आहेत. ऊ लीख केसाला चिकटवते, त्या चिकात आईच्या कातडीचे कण अडकलेत. त्यातला डीएनए वाचला, तर तिची माणसं कुठून इथं आली तेही कळू शकतं."

"एका लिखेतून?" मामांचे डोळे विस्फारले. मग त्यांनी स्वतःच सुई मागून घेतली.

बाई गर्दीकडे वळल्या. "कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तपासा. औषध सोडू नका. डोकं नुसतं खाजवायला नसतं, बाबांनो, वापरायलाही असतं!"