डाव्या हाताचा दांडा

माग दुरुस्त करणाऱ्याला आमच्या सोलापुरात जॉबर म्हणतात. मी एकतीस वर्षं जॉबर होतो आणि चांगला जॉबर होतो. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण सांगणारे बाकीचे सुरतेला गेले किंवा थेट वर गेले. यंत्रमाग सगळे सारखेच, असं बाहेरच्यांना वाटतं. पण विणणारा बुटका असला तर पायाखाली फळी टाकावी लागते, डावखुरा असला तर हँडल वळवून द्यावं लागतं, खांदा दुखत असला तर स्प्रिंग सैल करावी लागते. माणूस बघून माग लावायचा, ही माझी पद्धत. कल्लप्पानं लावलेला माग दुसऱ्याच्या हाती चालत नाही, अशी माझ्याबद्दल तक्रार असायची. मी ती तक्रार मिरवायचो.

कारखाने बंद पडत गेले, तसं मी अक्कलकोट रस्त्याला पत्र्याचं शेड घेतलं आणि खिडक्यांच्या जाळ्या, टाक्यांचे स्टँड असली कामं करू लागलो. मागच्या हिवाळ्यात एक दिवस ज्ञानदामॅडम तिथं आल्या. कॉलेजात फिजिक्स शिकवतात. हातात कागदावर काढलेलं चित्र होतं.

"हेलिकॉप्टरचे कंट्रोल बसवायचेत, मामा. घरात."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. सोलापुरात लोक गच्चीवर काय काय बसवतात, पण हेलिकॉप्टर कुणी बसवलेलं ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. त्यांचे यजमान दिग्विजयसाहेब पुण्याच्या एका कंपनीत हेलिकॉप्टर चालवायचे. आठ महिन्यांपूर्वी डाव्या अंगाला हलका झटका येऊन गेला. आता बरे होते. डॉक्टरांनी बोटं दाबून बघितली, हात वर करायला लावले आणि उडवायला हरकत नाही असा कागद दिला.

"डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं," मॅडम म्हणाल्या. "मी रोज बघते. माझं मन मानत नाही. म्हणून मी अट घातलीय. खऱ्यासारखे कंट्रोल घरी बसवायचे, कॉम्प्युटरवर रोज पंचेचाळीस मिनिटं सलग उडवायचं, लागोपाठ दहा दिवस, एकदाही न पाडता. जमलं तर मी अडवणार नाही. नाही जमलं तर उडवणं बंद, कंपनीत शिकवायचं काम आहेच. त्यांनी शब्द दिलाय."

"मागं किती मानसं बसत्यात?" मी विचारलं.

"चार. कधी पाच."

"मग लई झ्याक बसवतो की."

"झ्याक नको, हुबेहूब बसवा. माझा सगळा भरवसा त्या यंत्रावर आहे."

जुळे सोलापूर भागात त्यांचं घर. वरच्या खोलीत भिंतभर पडदा लावलेला आणि मधे उघडं खोकं. साहेब उंच, सावळे, बोलायला मोकळे. त्यांनी एकेक वस्तू माझ्या हातात दिली. डाव्या हाताला, कमरेजवळ येतो तो दांडा, कलेक्टिव्ह. तो वर ओढला की हेलिकॉप्टर चढतं, खाली गेला की उतरतं. दोन गुडघ्यांमधे दुसरी काठी. ती झुकवाल तिकडं ते जातं. पायाशी दोन पेडल, तोंड वळवायला. ते बनवणाऱ्या कंपनीनं टेबलाला चिमटे लावून बसवायची सोय दिली होती, पण टेबल हललं की सगळंच हलतं. त्या चिमट्यांकडं बघूनच मला राग आला.

मी इंची चौकोनी पाइपची चौकट केली. त्यावर जाड प्लाय, खाली रबर. भंगारातून एका मोटारीचं सीट आणलं. साहेबांना बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि हात सैल सोडायला लावला. मूठ जिथं आली तिथं खडूनं खूण केली आणि दांडा तिथंच येईल असा बोल्ट मारला. गुडघ्यापासून पेडल किती, मांडीपासून काठी किती, सगळी मापं शिंप्यासारखी घेतली. तीन दिवस लागले. चौकटीवर उभं राहून मी नाचलो तरी ती हलली नाही.

पहिल्या दिवशी साहेबांनी उडवलं तेव्हा मी दाराशी उभा होतो. पडद्यावर शेतं, रस्ते, तळी मागं सरकत होती. मी दाराची चौकट घट्ट धरली. मॅडम खुर्चीवर घड्याळ घेऊन बसल्या होत्या. वीस मिनिटं झाली, आणि शेतं हळूहळू मोठी व्हायला लागली. विहीर दिसली, विहिरीवरची मोटार दिसली, मग पडदा लाल झाला.

"दांडा सरकतोय, कल्लप्पा," साहेब म्हणाले. "आपोआप खाली येतोय."

माझ्या कामात खोट, हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती माझी मलाच. दांड्याच्या मुळाशी एक चकती आणि नट असतो. नट आवळला की दांडा जड होतो. मी पाव फेरा आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला तेच. आणखी पाव फेरा. तिसऱ्या दिवशी मी शेडमधून मागाचा जुना चामडी पट्टा आणला, त्याचा वायसर कापून चकतीखाली घातला. कोपराखाली गादी लावलेली पट्टी बसवली. मुठीला सायकलची रबरी ग्रिप चढवली. पाच दिवस मी तिथं ये-जा करत, नट आणखी आवळत होतो. साहेब दर वेळी म्हणायचे, दांडा सरकतोय. मी दर वेळी म्हणायचो, बघतो की साहेब. त्यांचा हात मी एकदाही बघितला नाही. यंत्राची तक्रार आली की मला यंत्रच दिसतं.

सहाव्या दिवशी दांडा सरकला नाही. पंचेचाळीस मिनिटं झाली आणि साहेबांनी हेलिकॉप्टर पुण्याच्या धावपट्टीवर फूल ठेवावं तसं टेकवलं. मॅडमनी कॅलेंडरवर टिक केली. मग दुसरी, तिसरी. त्या घरातला आवाज बदलला. साहेब जिन्यावरून शीळ घालत उतरायला लागले. कंपनीला फोन गेला, चाचणीची तारीख ठरली. दहावी टिक झाली त्या दुपारी मॅडमनी मला शिरा खायला बोलावलं. संध्याकाळच्या गाडीनं साहेब निघणार होते. बॅग दाराशी होती.

शिरा होईपर्यंत पाने आणि ड्रायव्हर गोळा करावेत म्हणून मी वर गेलो. कुणी नव्हतं, म्हणून सीटवर बसलो. जरा आपणही उडवून बघू म्हटलं. दांडा धरला, वर ओढला. माझा खांदा कुरकुरला. एकतीस वर्षं लोखंड उचलणारा खांदा.

तिथंच मला गंगम्मा आठवली. आमच्या कारखान्यात विणायची. तिचा उजवा हात वर्षागणिक उतरत गेला आणि मी तिचा माग वर्षागणिक हलका करत गेलो. तिला कळलं नाही, मालकाला कळलं नाही. तिचं कापड सगळ्यात सुबक निघायचं. मग एकदा माझ्या रजेत तिला दुसऱ्या मागावर उभं केलं. तो वेळेवर थांबवायला तिच्या हातात जोरच उरला नव्हता. दोन बोटं गेली. तिनं मला कधी दोष दिला नाही, उलट परवापर्यंत माझं कौतुकच करायची.

मी नट सोडला. चामड्याचा वायसर काढला, चकती पहिल्या दिवशी होती तशी ठेवली. दांडा मधे उभा केला आणि चौकटीवर पेन्सिलनं रेघ मारली. मग खाली जाऊन शिरा खाल्ला. काय खाल्लं ते आठवत नाही. साहेब काहीतरी विनोद करत होते. दीड तासानं वर जाऊन बघितलं. दांडा रेघेवरच होता, केसभरही हललेला नव्हता.

मी दोघांना वर बोलावलं.

"साहेब, दांडा कधी सरकतच न्हवता," मी म्हणालो. "तुमचा हात खाली येत हुता. वीस मिंटानं. तुमाला कळत न्हाय. मी दांडा इतका जड केला, की हात लोंबला तरी त्यो जागचा हलंना. तुमी न्हाय पास झाला. माझा वायसर पास झाला."

मॅडम भिंतीला टेकल्या. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सीटवर बसले आणि म्हणाले, "सुरू करा घड्याळ."

मॅडमनी घड्याळ सुरू केलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काय सुंदर उडवायचे ते. अठराव्या मिनिटाला मी पडद्यावरून नजर काढली आणि फक्त डावी मूठ बघत राहिलो. एकविसाव्या मिनिटाला ती उतरायला लागली. इतकी सावकाश, की रेघ नसती तर दिसलंच नसतं. साहेबांची मान ताठ होती, नजर समोर होती, चेहऱ्यावर काही नव्हतं.

"अहो, हात," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी खाली बघितलं. आपल्या ताटात दुसऱ्या कुणाचा हात आल्यासारखं ते त्या हाताकडं बघत होते. पडदा लाल झाला. मला रडू आलं, हे कबूल करतो. पण हलकंही वाटलं. निदान वेळेत कळलं, असं मी मनात म्हणालो.

साहेब उठले. डावा हात उजव्यानं चोळत त्यांनी विचारलं, "एकूण किती आवळला होता नट?"

"पावणेदोन फेरे."

"पावणेदोन," ते म्हणाले. "खऱ्या हेलिकॉप्टरलाही दांडा घट्ट करायची कळ असते. मी ती कायम सैल ठेवत आलो. इंजिन बंद पडलं तर दांडा एका दमात खाली दाबावा लागतो, म्हणून." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं, तुम्ही ध्यानात आणून दिलंत."

मला क्षणभर कळलंच नाही. मॅडमना कळलं.

"म्हणजे तुम्ही जाणार?"

"दहा दिवसांचं ठरलं होतं. दहा दिवस झाले, ज्ञानदा. रोजची टिक तूच केलीस."

"आणि इंजिन बंद पडलं तर?"

"एकोणीस वर्षांत एकदाही पडलेलं नाही."

त्यांनी बॅग उचलली. डाव्या हातानं उचलली, मुद्दाम, आम्हाला दिसेल अशी. मी जिन्यात आडवा उभा राहिलो, तेव्हा ते अगदी नम्रपणे म्हणाले, "मामा, सरका." आणि मी सरकलो. माझ्यासारखा माणूस कुणाच्या बापाला भीत नाही, पण त्या दिवशी सरकलो.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी मी शेड उघडत होतो, तर मॅडम दाराशी उभ्या. डोळे सुजलेले.

"चाचणी पास झाले," त्या म्हणाल्या. "काल फोन आला. खूप आनंदात होते. आजपासून कामावर. मी चार दिवस स्वतःला समजावत होते, की चाचणीतच उघडं पडेल. आता तुम्ही कंपनीला फोन करा. मी केला तर नवरा-बायकोचं भांडण म्हणतील. जन्मभर माझं तोंड बघणार नाहीत ते, पण करा."

त्यांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. आधी एक मुलगी बोलली. मी जॉबर आहे म्हटल्यावर तिला काही उमगेना. मग वरचा कुणी अधिकारी आला. आवाज वयस्कर होता, शांत होता. त्यानं विचारलं, साहेबांशी तुमचा काय संबंध?

"त्यांच्या हाताची खोट मी झाकली," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वीस मिनिटं, वायसर, पावणेदोन फेरे.

शेवटी अधिकारी म्हणाला, "चाचणीत त्यांनी दांडा घट्ट ठेवला होता. परीक्षकानं विचारलं, तर म्हणाले नवी सवय आहे." मग कागद चाळल्याचा आवाज आला. "ते नऊ वीसला निघालेत. चार जण आहेत बरोबर. आता हवेत असताना हे सांगून त्यांना बिथरवता येणार नाही. दहा पाचला उतरतील. उतरले की मी त्यांना पुन्हा चढू देणार नाही, हा माझा शब्द."

मी शेडमधल्या घड्याळाकडं बघितलं. नऊ एक्केचाळीस.

मॅडमना मी जसंच्या तसं सांगितलं, काही झाकलं नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि फोन मांडीवर ठेवला. बाहेर एक टेम्पो पाइप उतरवायला आला होता, त्याला मी हातानंच थांबायला सांगितलं. माझे ओठ हलत असावेत, कारण मॅडमनी विचारलं, "काय म्हणताय?"

"देवाला म्हणतोय, मॅडम," मी म्हणालो. "त्यो दांडा तेवढा घट्ट असू दे."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग त्याही तेच म्हणू लागल्या.