सगळ्यात खालची ओळ

चष्म्याच्या दुकानात गेली एकोणीस वर्षं मी लोकांना एकच वाक्य ऐकवते आहे: "आता सगळ्यात खालची ओळ वाचा." वरच्या चार ओळी लोक धडाधड वाचतात आणि खालच्या ओळीपाशी आले की घसा खाकरतात. काहीजण तर अंदाजपंचे ठोकून देतात. मी त्यांना मनातल्या मनात हसायचे. आता हसत नाही.

माझ्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणतात. बंदरामागच्या तलावात तो पोहायला शिकवायचा. या शहरातल्या निम्म्या पोरांना पाण्यात ढकलल्याचं पाप त्याच्या माथी आहे. गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, चार-चार तास, तो हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर यंत्राला जोडलेला पडून असतो. दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी प्यायची परवानगी. सकाळीच तो बाटली भरून ठेवतो आणि छोट्या पेल्याने पुरवून पुरवून पितो. तोंडाला कितीही कोरड पडली तरी एक घोट जास्त नाही. "नवी किडनी येईपर्यंत हृदय शाबूत ठेवायचंय," म्हणतो.

मोठ्या शहरात जा, तिथे सोयी आहेत, असं दहाजणांनी सांगितलं. तो म्हणाला, त्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो, तेवढी सोय मला पुरे. मला ते पटलं. आम्ही भावंडं या शहरावर खुळ्यासारखा जीव टाकतो. मी तर दोन दिवस बाहेरगावी गेले तरी तिसऱ्या दिवशी कुणाशीतरी भांडते.

भावजयीचा रक्तगट जुळेना, आईचं वय आड आलं. उरले मी. डॉक्टरांनी माझे कागद उलटसुलट पाहिले.

"किडन्या उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण वजन ब्याऐंशी, आणि रक्तदाब काठावर. सहा महिन्यांत सत्तरच्या खाली या. मग बोलू."

सोबत सूचनांचा कागद दिला. मीठ कमी, साखर कमी, चालणं जास्त. वरच्या चार ओळी वाचून मी तो घडी करून पर्समध्ये कोंबला. न कळण्यासारखं त्यात काय असणार?

आता खरं सांगायचं तर मी एक नंबरची आरंभशूर. दर सोमवारी जेवण तोडते आणि बुधवारपर्यंत सगळी वसुली करते. मास्तर हे ओळखून होता. त्याने मला न विचारता माझं नाव ट्रायथलॉनच्या शर्यतीत घातलं, नवशिक्यांच्या गटात. साडेसातशे मीटर समुद्रात पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर धावायचं.

"तारीख पक्की असली की तू हलतेस," तो म्हणाला. "लग्नाच्या वेळीही तेच झालं होतं."

"तेव्हा मी बेचाळीस वर्षांची नव्हते."

"ताई, मला शर्यत नकोय. मला तुझे बारा किलो हवेत आणि एक किडनी. बाकीची तू ठेव."

मग रोज सकाळी सहा वाजता आम्ही धक्क्यावर. तो घडीच्या खुर्चीत बसायचा, सुयांनी चाळणी झालेला हात पूर्ण बाहीत झाकून, तोंडात शिट्टी. स्वतः पाण्यात पाय बुडवायचीही त्याला चोरी. मी पहिल्या आठवड्यात एवढं खारं पाणी प्यायले की घरी भाजीत मीठ लागेना. "ताई, पाण्याला मारू नकोस, त्याने तुझं काही केलं नाही," तो ओरडायचा. दुसऱ्या महिन्यात मला लय सापडली. श्वासासाठी मान वळवली की एका बाजूला दीपगृह दिसायचं आणि दुसऱ्या बाजूला धक्क्यावरची त्याची खुर्ची. जन्म या शहरात गेला, पण पाण्यातून ते मी पहिल्यांदाच पाहत होते. रडू यायचं. पोहताना रडायची एक सोय असते, कुणाला कळत नाही.

तिसऱ्या महिन्यात उजवा गुडघा सुजला. किनाऱ्यालगतचा रस्ता फरसबंदीचा, तिथे रोज धावून दुसरं काय होणार? थांबावं तर वजनाचा काटा थांबतो. मास्तरला सांगावं तर तो धावणं बंद करणार. आमच्या दुकानाशेजारी औषधांचं दुकान आहे. तिथून मी दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. गुडघा गप्प बसला. काटा शहात्तरवर आला, मग त्र्याहत्तर, मग एकाहत्तर. संपलेली पाकिटं मी दुकानातल्या कचऱ्यात टाकायचे, घरी न्यायचे नाही.

शर्यतीला तीन आठवडे असताना हॉस्पिटलने तपासण्यांना बोलावलं. वजन एकोणसत्तर किलो चारशे ग्रॅम. रक्तदाब पाहून डॉक्टर चक्क हसले. मग त्यांनी रक्ताचा अहवाल उघडला आणि त्यांचं हसू गेलं.

"कसल्या गोळ्या घेता का?"

"गुडघ्यासाठी. दुखण्यावरच्या."

"किती दिवस?"

"तीन महिने. रोज दोन."

खणातून तोच सूचनांचा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट टेकवलं. बारीक अक्षरात छापलं होतं: आम्हाला विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, किडनीला इजा होते. मला ती ओळ चष्म्याशिवाय वाचता आली.

गोळ्या बंद करून तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू, असं ठरलं. मास्तरला मी म्हणाले, एक अहवाल राहिलाय. ते तीन आठवडे मी दातओठ खाऊन धावले. दर पावलाला गुडघ्यातून कळ जायची आणि मला बरं वाटायचं, मी तेवढीच शिक्षा भोगते आहे असं. देवाला मी कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवसांत पाण्यात, सायकलवर, जिन्यात, सारखं मागत होते.

शुक्रवारी चार वाजता दुसरा अहवाल आला.

"सुधारणा नाही," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका, तुमच्यापुरत्या चालतील. पण त्यातली एक काढता येणार नाही."

"आणखी थांबले तर? वर्षभर?"

"मी तुमची किडनी घेणार नाही, बाई. कधीच नाही."

शनिवारी मास्तर माझ्या घरी आला. सायकलच्या चाकात हवा भरायची होती. एका हाताने त्याला जमत नव्हतं तरी मला पंपाला हात लावू देईना.

"अहवाल आला?"

"सोमवारी मिळेल," मी म्हणाले.

रविवारी मी पाण्यात उतरले. समुद्र शांत होता आणि मला त्याचा राग आला. सायकलही झाली. धावायला लागले तेव्हा माझ्यामागे कुणी नव्हतं. शेवटच्या नंबराचं लोकांना भारी कौतुक असतं. बाल्कन्यांतून टाळ्या वाजत होत्या, "थोडंच राहिलं, बाई," असं अनोळखी माणसं ओरडत होती. मला त्यांची तोंडं बंद करावीशी वाटत होती. थोडंच राहिलं होतं हेच तर मला नको होतं. हे शहर आणखी लांब असतं, रस्ता आणखी वीस किलोमीटर गेला असता, तर मी गुडघा फुटेस्तोवर धावले असते. शेवटच्या वळणावर मी चालायला लागले. मग दिसलं, रेषेपलीकडे मास्तर उभा होता. खुर्ची बाजूला घडी करून ठेवलेली. दोन तास उन्हात उभा, हातात त्याची दिवसभराच्या पाण्याची बाटली. मी पुन्हा धावले.

रेषा ओलांडली तसा त्याने माझ्या गळ्यात हात टाकला. तो हसत होता आणि त्याचं नाक वाहत होतं.

"केलंस, ताई. आता उद्या तो अहवाल आला की..."

"अहवाल शुक्रवारीच आला."

मी सगळं सांगून टाकलं. गोळ्या, पाकिटं, खालची ओळ. चार वाक्यांत झालं. त्याने हात काढून घेतला.

"गुडघा दुखतो हे मला का नाही सांगितलंस?"

"तू धावणं थांबवलं असतंस."

"हो," तो म्हणाला. "थांबवलं असतं."

तो समुद्राकडे वळला.

"मग आज कशाला धावलीस?"

"तू इथे उभा राहणार होतास."

त्याने बाटलीचं झाकण उघडलं. पेला काढला नाही. बाटलीच तोंडाला लावली आणि घटाघटा पीत सुटला, वर्षभरात पहिल्यांदा, न मोजता. मी त्याला अडवायला हवं होतं. कोणत्या तोंडाने अडवणार? अर्धी संपल्यावर तो थांबला, हनुवटी पुसली आणि उरलेली बाटली माझ्यापुढे धरली.

"पी," तो म्हणाला. "तुझ्या तरी नीट ठेव."

मी प्यायले.