कपाटातला पांढरा जबडा

मी प्लॅस्टरचा एक जुना जबडा आहे. दचकलात ना, मित्रांनो? साहजिकच आहे. ज्याला जीभ नाही त्याने बोलावं, हे सुरुवातीला मलाही विचित्र वाटायचं.

दातांच्या दवाखान्यात, काचेच्या कपाटात मी राहतो. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंच्या तोंडाच्या मापावरून माझा जन्म झाला. दोरा दातांनी तोडून तोडून त्यांच्या समोरच्या दाताला खाच पडली होती, ती मलाही आहे. ताई झोपेत करकरा दात खात. म्हणून झोपताना दातांवर घालायची पट्टी बनवायला डॉक्टरबाईंनी मला घडवलं.

ताईंना घशाचा कर्करोग झाला होता. रेडिएशन लवकरच सुरू व्हायचं होतं. आणि मागे, हिरडीखाली, एक अक्कलदाढ आडवी अडकून बसली होती. डॉक्टरबाईंनी माझ्यावर त्या जागी पेन्सिलीने फुली मारली.

"ताई, ही आधी काढू या. रेडिएशननंतर जबड्याची जखम सहजासहजी भरत नाही."

"आधी तो मोठा आजार जाऊ दे हो! दाढ कुठे पळून जातेय?" ताई हसल्या आणि पट्टी तेवढी घेऊन गेल्या.

काही दिवसांनी माझ्याखाली पांढरी भुकटी दिसू लागली. झाडणाऱ्या मावशींनी ती पुसली. दुपारी पुन्हा पडली.

"अगं बाई! कपाटाला तर कुलूप आहे," मावशी पुटपुटल्या. तेव्हापासून त्या माझ्याकडे पाठ करून कधीच लादी पुसत नसत.

मला कारण ठाऊक होतं. तिकडे ताईंचा डोळा लागला की इकडे माझ्या दाढा झिजत. हिरडी सुजल्यामुळे त्यांना पट्टी बसत नव्हती. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझी जन्मापासूनच दातखीळ बसलेली!

एका सकाळी मला तडा गेला.

"बाई, हे बघा. नेमका फुलीवर," मावशी म्हणाल्या. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच फोन लावला.

"ताई, खरं सांगा. मागे दुखतंय?"

फोनमधून मिटल्या दातांचा आवाज आला, "तोंडच उघडत नाहीये. सांगितलं असतं तर पुढच्या आठवड्यात सुरू होणारं रेडिएशन लांबलं असतं. भीती वाटली हो."

"तशाच निघा."

कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलून, सूज उतरवून दाढ काढली. जखम भरल्यावरच रेडिएशन सुरू झालं. आता ताई बऱ्या आहेत, पट्टी घालून झोपतात. माझी भुकटी थांबली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी मोठ्या आजाराशी झुंजत असेल, तर त्यांच्या दातांचीही चौकशी करा. "काही दुखत नाही" म्हणाले, तरी पुन्हा विचारा.

परवा माझ्या शेजारी एका काकांचा नवा जबडा आला. त्याच्यावरही मागे फुली आहे. "उपचार संपल्यावर बघू," असं सांगून काका गेले. आज मावशी रजेवर आहेत. कपाटाकडे कोणी पाहिलेलं नाही, आणि शेजारच्या फुलीवर मला एक बारीक रेघ दिसते आहे.